हातावरचे चौदा मिलिमीटर

घरात थोरल्या मुलाला फुप्फुसाचा टीबी निघतो. आशाताई येऊन सगळ्यांची नावं लिहून नेतात, कुणाला खोकला आहे, कुणाला ताप येतो ते विचारतात. आठवड्याभरात धाकट्या बहिणीच्या हातावर, कोपराच्या खाली, कातडीच्या आत एक बारीक सुई टोचली जाते. तिसऱ्या दिवशी तिथं टणक गाठ दिसते. पट्टी लावून मोजली तर चौदा मिलिमीटर. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहून येतं आणि घरात दुसऱ्यांदा रडारड सुरू होते, की हिलाही झाला.

त्या कागदावरून तसं म्हणता येत नाही. हातावरच्या या माँटू चाचणीत जंतू टोचलेला नसतो, त्याच्यापासून काढलेली शुद्ध प्रथिनं तेवढी असतात. ज्या शरीराची क्षयाच्या जंतूशी पूर्वी गाठ पडलेली आहे, त्याच्या रक्तात ती प्रथिनं ओळखणाऱ्या टी पेशी फिरत असतात. ओळखीचं काही टोचलं गेलं की त्या तिथं जमतात, बाकीच्या पेशींना बोलावतात आणि कातडी टणक होते. या जमवाजमवीला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून गाठ ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान मोजायची. मोजायचा तो टणक भाग, भोवतीची लाली नव्हे. साधारणपणे १० मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. एचआयव्ही असलेल्या माणसात ५ सुद्धा पुरतात. म्हणजे चौदा मिलिमीटर एवढंच सांगतात, की या मुलीच्या पेशी त्या जंतूला ओळखतात. जंतू आज जिवंत आहे की नाही, मुलगी आजारी आहे की नाही, हे त्या गाठीला ठाऊक नसतं.

गंमत म्हणजे ही चाचणी एका फसलेल्या औषधातून जन्माला आली. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला. पुढं १८९० मध्ये त्यांनी जंतूंच्या अर्कापासून केलेलं ‘ट्यूबरक्युलिन’ क्षयावरचा इलाज म्हणून पुढं आणलं. युरोपभरचे रोगी आणि डॉक्टर बर्लिनकडे धावले. त्या गर्दीत आर्थर कॉनन डॉइल हा तरुण डॉक्टर-लेखकही होता, आणि या इलाजाबद्दल सावध लिहिणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. टोचल्यावर रोग्यांना सणकून ताप यायचा, फुप्फुसातले जुने व्रण सुजून यायचे, काही रोगी दगावलेही. रोगाशी झुंजणाऱ्या पेशींना कॉख यांनी आणखी चेतवलं होतं आणि नेमकं तेच रोग्यांना बाधलं. आज औषधांच्या दुकानात ‘इम्युनिटी बूस्टर’ची बाटली उचलणाऱ्यानं ही गोष्ट ऐकून घ्यावी अशी आहे.

शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू, आणि सैन्य वाढलं की विजय नक्की. इतर अनेक आजारांत हे चित्र चालून जातं. क्षयात ते फसवतं.

खोकणाऱ्याच्या तोंडून उडालेल्या थेंबांतलं पाणी हवेतच सुकतं. उरलेले कण इतके हलके असतात, की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. मोठे कण नाकाघशात अडकतात. एक ते पाच मायक्रॉनचे कण मात्र फुप्फुसाच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथं पहाऱ्याला मॅक्रोफेज असतात. मराठीत त्यांना भक्षक पेशी म्हणतात आणि नाव सार्थ आहे: समोर आलेला जंतू गिळायचा, पेशीच्या आतल्या एका पिशवीत कोंडायचा, त्या पिशवीला आम्ल आणि पाचकद्रव्यांची दुसरी पिशवी जोडायची आणि जंतू विरघळवून टाकायचा. क्षयाचा जंतू गिळला जातो, पण दोन पिशव्या एकमेकींना जुळू देत नाही. जी पेशी त्याला पचवायला निघाली, तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो. घाई त्याला कधीच नसते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात.

त्याच्याकडे आणखी एक हत्यार आहे. ईसॅट-६ सारखी काही प्रथिनं सोडून तो पिशवीला भोक पाडतो आणि पेशीच्या मुख्य भागापर्यंत पोचतो. कालमेत आणि गेरँ या फ्रेंच जोडीनं १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, दर तीन आठवड्यांनी, एकूण २३० वेळा गाईच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या कापांवर पित्त आणि ग्लिसरीन घालून नव्यानं वाढवला. त्यातून जी मवाळ जात हाती आली ती बीसीजी, म्हणजे आपल्या दंडावरच्या व्रणाचं कारण. ही जात मवाळ का झाली, हे कित्येक दशकांनी जनुकं वाचता आल्यावर उलगडलं. तिच्या जनुकांमधून जो तुकडा गळाला होता, त्यातच हे भोक पाडणारं हत्यार होतं.

याचा आजच्या वाचकाला थेट उपयोग आहे. साध्या माँटू चाचणीत बीसीजी लसीमुळेही गाठ येऊ शकते. ‘इग्रा’ ही रक्तचाचणी आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘सीवाय-टीबी’ ही टोचून करायची नवी चाचणी, या दोन्हींत फक्त त्या गळालेल्या तुकड्यातली प्रथिनं वापरतात. त्यामुळे लस टोचलेल्या माणसाला त्या उगीच पॉझिटिव्ह दाखवत नाहीत. निवड असेल तर यातली एखादी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच नसावा.

आता प्रश्न, शरीराला खबर लागते कधी? फार उशिरा. डेंड्रायटिक पेशी जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या लसिका ग्रंथींत जातात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. इतर संसर्गांत ही निरोपानिरोपी चार-पाच दिवसांत उरकते. क्षयात जंतू ग्रंथीपर्यंत पोचायलाच उंदरांमध्ये आठवड्याहून अधिक काळ गेलेला दिसतो. माणसात संसर्गानंतर माँटू पॉझिटिव्ह व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणून घरातल्या रोग्याचं निदान झाल्या झाल्या केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. आठ-दहा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागू शकते.

टी पेशी फुप्फुसात पोचल्या की इंटरफेरॉन-गॅमा नावाचं द्रव्य सोडतात आणि त्यानं भक्षक पेशींच्या अंगात बळ येतं. अडलेल्या पिशव्या जुळू लागतात. इग्रा चाचणीत हेच द्रव्य मोजतात. अनेक माणसांत गोष्ट इथंच संपते. ज्यांत संपत नाही, त्यांच्या फुप्फुसात भक्षक पेशी एकमेकींना चिकटून जंतूंभोवती गोळा होतात, बाहेरून टी पेशींचं कडं पडतं आणि बारीक गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आतला भाग मरून पनीरच्या चुऱ्यासारखा होतो. अशा गाठीत जंतू वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. अशा माणसाला आजार नसतो आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही.

या गाठीकडे बरीच वर्षं शरीरानं बांधलेला तुरुंग म्हणून पाहिलं जाई. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या आणि पुढं केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांनी या समजाला धक्का दिला. झेब्राफिश नावाच्या माशाचं पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे त्याच्या आत काय चाललंय ते जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. माशांना होणाऱ्या क्षयाचा जंतू टोचून त्यांच्या गटानं दाखवलं, की गाठ तयार होण्याच्या सुरुवातीच्या काळात नव्या भक्षक पेशी धावत येतात, मेलेल्या पेशी जंतूंसकट गिळतात आणि जंतूला नवं घर मिळतं. निदान पहिल्या टप्प्यात तरी हा तुरुंग कैद्याच्या सोयीचा असतो. याच गटाच्या पुढच्या कामात टीएनएफ या दाहक द्रव्याची बाजू उघडी पडली. ते कमी पडलं तर जंतू माजतो, आणि जास्त झालं तर भक्षक पेशी मरून जंतू बाहेर सांडतो, तरीही तो माजतोच. स्वयंपाकघरात जसं आच कमी तर कच्चं, जास्त तर करपलेलं, तसाच हा प्रकार आहे.

करपण्याचा पुरावा छातीच्या फोटोत दिसतो. टीबीत फुप्फुसाला जे भोक पडतं, ते बव्हंशी आपल्याच चेतलेल्या पेशींनी सोडलेल्या द्रव्यांनी ऊती विरघळल्यामुळे पडतं. एचआयव्हीनं टी पेशी फार घटलेल्या रोग्यात अशी भोकं क्वचितच दिसतात, कारण ती पाडायला पेशीच उरलेल्या नसतात. अशा माणसाचा फोटो फारसा वाईट दिसत नाही, थुंकीत जंतू कमी सापडतात आणि टीबी मात्र अंगभर पसरलेला असू शकतो. त्यामुळे एचआयव्ही असलेल्यानं ‘फोटो तर साफ आहे’ या भरवशावर राहू नये.

आच बिघडते कशानं? एचआयव्ही हे सगळ्यांत मोठं कारण आहे. जंतू अंगात असलेल्या निरोगी माणसाला आयुष्यभरात टीबी होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के मानतात. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधिताला जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो. मधुमेहानं धोका दोन-तीन पटींनी वाढतो. धूम्रपान, दारू, दगडखाणीतली आणि दगड कापण्याची धूळ यांचाही वाटा आहे. संधिवातावर दिली जाणारी टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं ही तर जणू प्रयोगशाळेतल्या माशाची माणसातली आवृत्ती. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध बाजारात आल्यावर, २००१ साली, ते घेणाऱ्यांत टीबीची ७० प्रकरणं एकत्र मांडली गेली. बहुतेकांना पहिल्या दोन-तीन मात्रांतच आजार झाला होता, म्हणजे निजलेला जंतू कडं सुटताच उठला होता. अशी औषधं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. डॉक्टर विसरले तर रोग्यानं आठवण करावी. गुडघेदुखीवर किंवा वजन वाढवायला दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हा त्याच घोळाचा स्वस्त आणि जास्त धोक्याचा प्रकार.

उलटी बाजूही आहे. कर्करोगावरची काही नवी औषधं टी पेशींचा ब्रेक काढून घेतात. हाच ब्रेक नसलेले उंदीर क्षयानं लवकर मरतात, आणि ही औषधं घेणाऱ्या काही रोग्यांत दबलेला टीबी उफाळल्याच्या नोंदी आहेत. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत तर डॉक्टर जंतूमारक गोळ्यांबरोबर मुद्दाम स्टिरॉइड देतात, कारण तिथं सूजच जीव घेते. व्हिएतनाममधल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५४५ रोग्यांच्या चाचणीत त्यानं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. हे सगळं तज्ज्ञाच्या हातातलं काम आहे, घरगुती प्रयोगाचं नाही.

मग घरात करण्यासारखं काय? बाटल्या, काढे आणि चूर्णं यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. ड जीवनसत्त्वाचं उदाहरण घ्या. प्रयोगशाळेत त्याच्यामुळे भक्षक पेशी जंतूला मारताना दिसल्या, म्हणून मोठी आशा निर्माण झाली. पण मंगोलियातल्या ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षं केलेल्या चाचणीत ड जीवनसत्त्व दिलेल्या मुलांना टीबीचा संसर्ग कमी झाला नाही. निकाल २०२० मध्ये आला.

फरक पडतो तो ताटातल्या अन्नानं. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं झालेला ‘रेशन्स’ हा अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,८०० रोग्यांच्या घरांतल्या १०,३४५ माणसांपैकी एका गटाला दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटातल्या घरांत धान्य फक्त रोग्याला मिळालं. पहिल्या गटात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. फुप्फुसाच्या, म्हणजे इतरांना लागणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. ज्या रोग्यांचं पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या घरात वजनकाटा नाही, तिथं दर महिन्याला आरोग्य केंद्रात वजन करून कार्डावर लिहून घ्यावं. वजन हलत नसेल तर ती तक्रार म्हणून सांगावी. निक्षय पोषण योजनेत रोग्याच्या बँक खात्यात मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. नोंदणी, बँक खातं किंवा गोळ्यांबाबत काही अडलं तर १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

निदानाच्या बाबतीत एक खूणगाठ बांधून ठेवावी: टी पेशींच्या चाचण्या संसर्ग सांगतात, आजार नाही. आजार ठरवायला थुंकी लागते. सीबीनॅट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र थुंकीतल्या जंतूची जनुकं तपासतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही सांगतं. रक्तातली प्रतिपिंडं मोजून ‘टीबी आहे’ असं सांगणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारनं २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्यांचे निकाल भरवशाचे नव्हते. जंतू पेशींच्या आत दडत असल्यानं खरी झुंज टी पेशी देतात; रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आजाराचा अंदाज येत नाही. कुणी आजही तशी चाचणी लिहून दिली तर पैसे खिशातच ठेवावेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी द्यावी, मग खोकल्यावरच्या प्रतिजैविकांचा पुढचा कोर्स. आणि खोकला नाही म्हणून टीबी नाही, असंही नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे हाती लागले. रोग्याच्या घरच्यांनी लक्षणं नसली तरी फोटो काढून घ्यावा तो यासाठी.

त्या चौदा मिलिमीटरवाल्या बहिणीचं काय? तिचा फोटो साफ आला आणि लक्षणं नसली, तर तिला टीबीच्या पूर्ण उपचारांची गरज नाही. तिला प्रतिबंधक औषध मिळतं: आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, एकूण बारा मात्रा. ज्यांना आजार व्हायचा त्यांतल्या बहुतेकांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो, त्यामुळे ‘बघू पुढं’ म्हणण्यात नुकसान आहे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पेशी तर अजून कच्च्या असतात. त्यांना आजार नाही याची खात्री झाली की संसर्गाच्या चाचणीची वाट न पाहता हे औषध सुरू करतात. बीसीजी दिली आहे म्हणून मूल सुरक्षित, हे अर्धंच खरं आहे. मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती लहानग्यांना वाचवते. पण तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून तिनं संरक्षण दिलं नाही.

थोरल्याच्या उपचारांत दोन गोष्टी घरच्यांना गोंधळात टाकतात. पहिली, सहा महिने का? दोन-तीन आठवड्यांत ताप जातो, भूक लागते. भराभर वाढणारे जंतू तेवढ्यात मरतात, पण पनीरच्या चुऱ्यात आणि चरबीनं भरलेल्या भक्षक पेशींत सुस्त पडलेले जंतू मरायला महिने लागतात. ते मागं ठेवून गोळ्या थांबवल्या, तर परत येणारा टीबी औषधांना दाद न देणारा असू शकतो. दुसरी, मानेतल्या गाठींचा टीबी असेल तर औषध चालू असताना गाठ कधी कधी वाढते, फुटतेही. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर सावरलेल्या पेशी तुटून पडतात, त्याची ती सूज असू शकते. ती दाखवायला जावं, गोळ्या मात्र आपल्या मनानं सोडू नयेत.

ताट-वाटी वेगळी काढण्याची मात्र गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही. तोच वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवण्यात घालवावा. १९५६ मध्ये मद्रासला १९३ रोग्यांवर सुरू झालेल्या अभ्यासात अर्धे आरोग्यधामात आणि अर्धे दाटीवाटीच्या घरांत ठेवून सारखीच औषधं दिली. घरचे जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली नाही. जंतूला लागू पडणारं औषध सुरू झालं की लागण करण्याची क्षमता झपाट्यानं उतरते. तेवढे पहिले दोन आठवडे रोग्यानं मास्क लावावा आणि जमल्यास वेगळं, हवेशीर झोपावं.

कोर्स संपल्यावर ‘झाला का पूर्ण बरा’ हे पाहायला पुन्हा माँटू किंवा इग्रा करू नये. ओळख धरून बसलेल्या टी पेशी जंतू गेल्यावरही वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे चाचणी पॉझिटिव्हच येण्याची शक्यता जास्त. फोटोतला जुना डागही राहू शकतो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत या दोन्हींवरून प्रश्न आले, तर उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि जुना फोटो सोबत असावा. राष्ट्रीय कार्यक्रमात उपचारांनंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी बोलावतात. त्या वेळी खोकला, वजन आणि गरज पडल्यास थुंकी पाहतात. या चार तारखा औषधांच्या कार्डावर आधीच लिहून घ्याव्यात.